छेदात कोण आहे? वयस्कर बाईचं लैंगिक आयुष्य मोजणारे तीन शोधनिबंध

पेटची तयारी करताना 'समष्टी', 'नमुना', 'कार्यात्मक व्याख्या' हे शब्द आपण सगळेच पाठ करतो. बहुपर्यायी प्रश्न येतो, आपण टिक करतो, विषय संपतो. पण एका व्याख्येमुळे माणसांचा अख्खा गट अभ्यासातून कसा गळून जातो, हे बघायचं असेल तर प्रत्यक्ष शोधनिबंध उघडावे लागतात. आज आपण तीन उघडू. तिन्ही अमेरिकेतले, तिन्ही नावाजलेल्या नियतकालिकांत आलेले. विषय आहे पन्नाशी-साठीच्या पुढच्या स्त्रियांचं लैंगिक आरोग्य आणि त्यासाठीची साधनं, म्हणजे वंगण जेल, मॉइश्चरायझर, व्हायब्रेटर वगैरे.

विषय वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. मग पुढे वाचा, कारण या हसण्याचा आणि आकडेवारीचा जवळचा संबंध आहे.

आधी शरीराबद्दल थोडं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं. योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, ओलावा आणि लवचिकता कमी होते, आम्लता घटते. त्यातून कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीचे त्रास असं सगळं सुरू होऊ शकतं. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी या सगळ्या लक्षणांना मिळून एक नवं नाव दिलं: जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज. अंगातून वाफा येणं बऱ्याच जणींचं काही वर्षांनी कमी होतं. हा त्रास मात्र उपचार न केल्यास सहसा आपोआप जात नाही, उलट वाढू शकतो. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षापेक्षा सत्तराव्या वर्षी तो जास्त असण्याची शक्यता आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साधनंही सोपी आहेत. वंगण जेल त्या वेळेपुरतं लावायचं. मॉइश्चरायझर काही दिवसांच्या अंतराने नियमित वापरायचं, संबंध असोत वा नसोत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं कमी मात्रेचं स्थानिक इस्ट्रोजेन असतं. आणि वयानुसार संवेदना मंदावते तिथे व्हायब्रेटर उपयोगी पडू शकतो. यात गूढ काही नाही. गुडघेदुखीचा पट्टा असतो, तसंच हेही.

आता निबंधांकडे वळू.

पहिला निबंध: साठीला थांबलेली मोजणी

२००९ मध्ये 'जर्नल ऑफ सेक्शुअल मेडिसिन'मध्ये डेबी हर्बेनिक आणि सहकाऱ्यांचा लेख आला. इंडियाना विद्यापीठाचा हा चमू. अमेरिकेतल्या २,०५६ स्त्रियांचा राष्ट्रीय प्रातिनिधिक नमुना घेऊन त्यांनी व्हायब्रेटरच्या वापराबद्दल विचारलं. ५२.५ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी वापर केल्याचं सांगितलं. वापरणाऱ्यांपैकी ७१.५ टक्के जणींना त्यामुळे जननेंद्रियांचा कसलाही त्रास कधीच झाला नव्हता.

हा अभ्यास महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. तोवर ज्या वस्तूबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त होत्या, तिच्याबद्दल प्रातिनिधिक आकडा मिळाला. आता नमुन्याचा वयोगट बघा: १८ ते ६०.

म्हणजे '५२.५ टक्के स्त्रिया' हे वाक्य खरं तर '१८ ते ६० वयाच्या ५२.५ टक्के स्त्रिया' असं आहे. आपण ते उद्धृत करताना वय गाळतो आणि एकसष्ट वर्षांची बाई 'स्त्रिया' या शब्दातून परस्पर बाहेर जाते. ती वापरते की नाही, हा पुढचा प्रश्न. तिला विचारलंच गेलं नाही.

कोणी म्हणेल, कुठेतरी रेघ मारावी लागतेच. मान्य. पण रेघ साठीलाच मारण्याची तांत्रिक सक्ती नव्हती. याच विद्यापीठाच्या चमूने पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, १४ ते ९४ वयाच्या ५,८६५ जणांचं लैंगिक वर्तनाचं राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. चौऱ्याण्णव वर्षांपर्यंत विचारता येतं, हे त्यांनीच दाखवून दिलं.

आणखी एक सवय लावून घ्या: पैसा कोणाचा, ते वाचायचं. २००९ च्या अभ्यासाला चर्च अँड ड्वाइट या कंपनीने पैसा दिला होता. ट्रोजन हा कंडोमचा ब्रँड तिचाच. पैसा कंपनीचा म्हणून निष्कर्ष खोटा, असं मी अजिबात म्हणत नाही. पण बाजाराला ज्या ग्राहकाची कल्पना असते, तिचं वय नमुन्याच्या वयोगटात उतरलं असेल का, एवढा प्रश्न मनात यायला हवा. उत्तर मिळेलच असं नाही. प्रश्न मात्र लिहून ठेवायचा.

दुसरा निबंध: विचारलं, पण कोणाला?

पहिला अभ्यास साठीला थांबतो. दुसरा जवळपास तिथूनच सुरू होतो. शिकागो विद्यापीठाच्या स्टेसी टेसलर लिंडाऊ आणि सहकाऱ्यांचा लेख २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ५७ ते ८५ वयाचे ३,००५ जण, त्यात १,५५० स्त्रिया. घरी जाऊन मुलाखती. या वयाच्या माणसांना एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणीतरी सरळ विचारलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

व्याख्याही उदार आहे. परस्परसंमतीने दुसऱ्या व्यक्तीबरोबर झालेला कोणताही लैंगिक स्पर्श त्यांनी धरला. संभोग झाला की नाही, कामपूर्ती झाली की नाही, याची अट घातली नाही. 'तेवढंच म्हणजे लैंगिक संबंध' ही जुनी समजूत इथे मोडली आहे. पण 'दुसऱ्या व्यक्तीबरोबर' हे शब्द परत वाचा.

लेखात ७५ ते ८५ वयाचे ३८.५ टक्के पुरुष आणि १६.७ टक्के स्त्रिया लैंगिकदृष्ट्या सक्रिय आहेत. दुपटीहून जास्त फरक. वर्तमानपत्राचा मथळा लगेच तयार होतो: 'वय वाढलं की बायकांना नको वाटतं.' पण त्याच लेखात आणखी एक आकडा आहे. या वयोगटात जोडीदार असलेले पुरुष ७८ टक्के आणि स्त्रिया फक्त ४०. बायका जास्त जगतात, नवरे वयाने मोठे असतात, विधुर पुन्हा लग्न करतात. कारणं आपल्या ओळखीची आहेत.

आता वही काढा. ३८.५ ला ७८ ने भागा: साधारण ४९ टक्के. १६.७ ला ४० ने भागा: साधारण ४२ टक्के. म्हणजे छेदात फक्त जोडीदार असलेले घेतले तर दुपटीचा फरक सात टक्क्यांवर येतो. हा हिशेब ढोबळ आहे. कायमचा जोडीदार नसतानाही कोणी सक्रिय असू शकतं, ते यात धरलेलं नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. जी गोष्ट 'इच्छा नाही' म्हणून वाचली जाते, तिचा मोठा भाग 'माणूस नाही' हा आहे.

याच लेखात हस्तमैथुनाबद्दलही विचारलं आहे. गेल्या वर्षभरात ते केल्याचं जोडीदार असलेल्या २५ टक्के स्त्रियांनी सांगितलं. जोडीदार नसलेल्या? २३ टक्के. मला या निबंधातले हे दोन आकडे सगळ्यांत बोलके वाटतात. जोडीदार असो नसो, जवळपास चारातली एक. पण त्या २३ टक्क्यांतली जी बाई एकटी आहे, ती व्याख्येनुसार 'सक्रिय नाही' या रकान्यात जाते. तिच्या शरीराचं सुख अभ्यासाला माहीत आहे, फक्त ते मुख्य मोजणीत धरलेलं नाही.

पुढचा मुद्दा जास्त गंभीर आहे. गोषवाऱ्यात लिहिलंय की सक्रिय स्त्रियांपैकी ४३ टक्के जणींना इच्छा कमी असणं, ३९ टक्के जणींना ओलाव्याची अडचण आणि ३४ टक्के जणींना कामपूर्ती न होणं हे त्रास होते. 'सक्रिय स्त्रियांपैकी' हा शब्द बघा. लैंगिक अडचणींचे प्रश्न ज्यांचे वर्षभरात संबंध आले होते त्यांच्यासाठी होते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते मी बनवलेले आहेत. समजा, १०० बायका आहेत. त्यातल्या ४० जणींनी कोरडेपणामुळे दुखतं म्हणून संबंध कधीच थांबवले. उरल्या ६०. त्यातल्या २४ जणी सांगतात, कोरडेपणाचा त्रास आहे. तुमच्या तक्त्यात येईल २४ भागिले ६०, म्हणजे ४० टक्के. प्रत्यक्षात त्रास ६४ जणींना आहे. ज्यांना सगळ्यात जास्त दुखलं, त्या छेदातही नाहीत आणि अंशातही नाहीत. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला निवडीमुळे येणारा कल म्हणतात. पुस्तकात ती एक ओळ असते. इथे त्या ओळीत चाळीस बायका आहेत.

आणि वय जितकं जास्त, तितक्या जास्त बायका थांबलेल्या. म्हणून या आकड्यांवरून 'सत्तरीनंतर त्रास फारसा वाढत नाही' असं कोणी लिहिलं, तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा.

थांबण्याच्या कारणांचंही तसंच. जोडीदार असूनही संबंध थांबलेल्यांना कारण विचारलं तेव्हा सर्वाधिक उत्तर आलं: पुरुषाची प्रकृती. ६४ टक्के स्त्रियांनी ते सांगितलं आणि ५५ टक्के पुरुषांनीही. म्हणजे 'बाईला नको असतं' या समजुतीला खुद्द पुरुषांचीही साक्ष नाही.

साधनांबद्दल काय? गोषवारा सांगतो की १४ टक्के पुरुष लैंगिक क्षमतेसाठी औषध किंवा पूरक द्रव्य घेत होते. व्हायग्रा १९९८ मध्ये बाजारात आली, म्हणून हा आकडा सगळ्यांना हवा होता. बाईच्या बाजूची तशी ओळ, म्हणजे किती जणी जेल, मॉइश्चरायझर किंवा व्हायब्रेटर वापरतात, गोषवाऱ्यात नाही. एका अभ्यासाने साधन विचारलं आणि साठीला थांबला. दुसरा साठीच्या पुढे गेला, पण त्याने जोडीदाराच्या चौकटीतून पाहिलं. अडुसष्ट वर्षांची एकटी बाई या दोन अभ्यासांमधल्या फटीत पडली.

तिसरा निबंध: 'फरक नाही' म्हणजे काय?

कोणाला विचारलं, हे झालं. आता कशाशी ताडलं, ते बघू. २०१८ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये कॅरोलिन मिचेल आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या, ४५ ते ७० वयाच्या ३०२ स्त्रिया. बारा आठवडे. तीन गट: एकात इस्ट्रोजेनची योनीत ठेवायची गोळी आणि प्लासिबो जेल, दुसऱ्यात प्लासिबो गोळी आणि मॉइश्चरायझर, तिसऱ्यात दोन्ही प्लासिबो.

या चाचणीची एक गोष्ट मला मनापासून आवडली. 'तुला सगळ्यात जास्त काय छळतं?' हे प्रत्येक बाईलाच ठरवायला सांगितलं आणि तोच त्रास मोजला. ६० टक्के जणींनी प्रवेशाच्या वेळचं दुखणं निवडलं. मोजमाप बाईच्या हातात दिलं की आकड्याला अर्थ येतो.

निकाल: तिन्ही गटांत त्रास कमी झाला आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यावरून घाईत निष्कर्ष निघतो की मॉइश्चरायझरचा उपयोग नाही. पण प्लासिबो काय होतं? तेही जेलच होतं. डोकेदुखीच्या चाचणीत साखरेची गोळी दिली तर ती डोक्याला काही करत नाही. कोरड्या जागी जेल दिलं तर ते जेलचं काम थोडंफार करणारच. काहीच न लावणारा गट या चाचणीत नव्हता. म्हणून 'महागड्या जेलने साध्या जेलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही' इथपर्यंत बोलता येतं. 'काहीच लावू नका, मनाचे खेळ आहेत' असं म्हणायला इथे आधार नाही. लेखकांनी स्वतः किंमत आणि बाईची पसंती बघून निवड करावी, असंच सुचवलं आहे.

वाचणाऱ्या बाईसाठी या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्याने तिचे पैसे वाचतात. दुसऱ्याने तिचं दुखणं तसंच राहतं. आणि वयोगट पुन्हा बघा, सत्तरीला मोजणी संपली.

आपल्याकडे प्रश्नावली बनवताना

हे सगळं अमेरिकेतलं. आपल्या विद्यापीठांत कोणी या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलं, तर पहिला प्रश्न येईल की आपली आकडेवारी कुठे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण स्त्रियांना विचारतं ते १५ ते ४९ वयात. त्याचा मूळ हेतू जननक्षमता आणि मातृ-बाल आरोग्य असल्याने ही मर्यादा समजण्यासारखी आहे. परिणाम मात्र असा, की पाळी जाते त्या सुमाराला बाई या मोजणीतून बाहेर पडते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनेच राबवलेल्या वार्धक्याच्या राष्ट्रीय अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. त्यात ४५ वर्षांपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण होते. म्हणजे वयस्कर माणसांपर्यंत पोचण्याची यंत्रणा देशात आहे.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा होत्या. पुरुषांत विधुर १५ टक्क्यांच्या आसपास. आता आपल्या मराठी प्रश्नावल्यांची नेहमीची भाषा आठवा: 'पती-पत्नी संबंध', 'वैवाहिक सुख'. शेजारी सूचना: 'विधवा असल्यास पुढील विभागाकडे जा.' एका सूचनेत निम्म्या बायका गेल्या. कोरडेपणा आणि आग यांना नवरा लागत नाही. बसताना, चालतानाही त्रास होतो. मग तो प्रश्न 'वैवाहिक' विभागात का?

माझी सूचना साधी आहे. लक्षणांचा प्रश्न सगळ्यांना आधी विचारा: 'गेल्या वर्षभरात योनीमार्गात कोरडेपणा, आग किंवा दुखणं जाणवलं का?' संबंध थांबले असतील तर का थांबले, हे वेगळं विचारा. इच्छा आहे का, हे संबंध आहेत का यापासून तोडून विचारा.

साधनांची नावंही बाजारात आणि घरात चालतात तशी घ्या. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर सीमाशुल्क विभागाचं एक प्रकरण होतं. आयात केलेले बॉडी मसाजर ही 'प्रौढांची लैंगिक खेळणी' आहेत म्हणून ती प्रतिबंधित, असं विभागाचं म्हणणं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी प्रश्नावली बनवणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी: ज्या वस्तूचं नाव काय, यावरच कोर्टात वाद होतो, तिचा प्रश्न एका शब्दात विचारून चालत नाही. 'व्हायब्रेटर वापरता का?' याला 'नाही' म्हणणारी बाई 'कंपन होणारा मसाजर' याला 'हो' म्हणू शकते. 'वंगण' या शब्दाने तिला मशीन आठवेल. 'जेल, क्रीम किंवा खोबरेल तेल' म्हटलं तर कळेल.

मराठीत या विषयाला शब्द नाहीत, ही सबब कोणी पुढे केली तर र. धों. कर्व्यांचं नाव सांगा. त्यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना मराठीत सरळ उत्तरं दिली जात होती. शब्द आहेत. ते सत्तरीच्या बाईसमोर उच्चारायला आपण कचरतो. हा संकोच संशोधकाचा आहे. तो उत्तर देणाऱ्या बाईच्या नावावर टाकायचा नाही.

अर्थात मुलाखतीची जागाही बघावी लागेल. खोलीत सून किंवा नातू असताना विचारलेल्या प्रश्नाचं 'नाही' हे उत्तर फक्त त्या खोलीबद्दल सांगतं. एकांत, बाईच मुलाखतकार, 'उत्तर द्यायचं नाही' हा वेगळा रकाना, त्रास सांगितला तर कुठे पाठवायचं याची तयारी, हे सगळं नैतिकता समितीच्या अर्जात आधीच लिहा.

लिंडाऊंच्या लेखात शेवटी आणखी एक आकडा आहे. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी लैंगिक विषयावर कधीतरी बोललेले पुरुष ३८ टक्के, स्त्रिया २२. डॉक्टर विचारत नाहीत कारण त्यांना हा प्रश्न मोठा वाटत नाही. तो मोठा वाटत नाही कारण आकडेवारीत दिसत नाही. आणि आकडेवारीत दिसत नाही कारण आपण सर्वेक्षणवाले विचारत नाही. या साखळीची निदान एक कडी आपल्या हातात आहे.

सरावासाठी एक काम देते. आपापल्या सिनॉप्सिसमधला 'समावेशाचे आणि वगळण्याचे निकष' हा परिच्छेद काढा. प्रत्येक निकषापुढे कंसात लिहा, यामुळे नेमकं कोण बाहेर गेलं आणि माझ्या प्रश्नाशी त्यांचा किती संबंध होता. जिथे बाहेर गेलेल्यांचाच संबंध सगळ्यात जास्त निघेल, तो निकष गाइडकडे जाण्याआधी बदला.